शंभर फुटांच्या आत

बाबांना नियमांची पुस्तकं वाचायला मनापासून आवडायची. घरात नवा डिशवॉशर आला की तो भिंतीला लागायच्या आधी त्याचं पुस्तक वाचून व्हायचं. लायब्ररीचं कार्ड काढलं त्या दिवशी त्यांनी कार्डामागचा बारीक मजकूर भिंग लावून वाचला आणि आम्हाला समजावून सांगितला. आई हसायची. ती वेंगुर्ल्याची, समुद्रकाठी मोकळी वाढलेली. बाबा कोल्हापूरचे, वडिलांच्या लेथ मशीनच्या वर्कशॉपमध्ये मोठे झालेले. "एक माप चुकलं की बोट गेलं," असं आजोबा म्हणायचे म्हणे, आणि आजोबांच्या डाव्या हाताला खरंच साडेचार बोटं होती. आम्ही मिशिगनला आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते. बाबा मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. आमच्या नोव्हाय गावात तेव्हा आजच्यासारखी दर दोन घरांमागे एक मराठी पाटी नव्हती. चार-पाच कुटुंबं होती आणि महिन्यातून एकदा कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये भेट व्हायची. बाकी सगळा महिना आम्ही तिघंच असायचो. बाबांना वाटायचं, परक्या देशात माणसाला कुणी ओळखत नाही, तेव्हा आपला शब्द आणि आपलं वागणं एवढीच आपली ओळख. नियम पाळणाऱ्या माणसाला कुणी काही म्हणू शकत नाही. हे ते इतक्या वेळा म्हणत की मी "आय नो, बाबा," म्हणून मधेच तोडायचे.

मी चौदा वर्षांची असताना त्यांनी स्नोमोबाइल घेतली. ऑफिसातले सगळे हिवाळाभर तेच बोलत, आणि त्यांच्यातल्याच एकाने आपली जुनी पिवळी मशीन स्वस्तात देऊ केली. गॅरेजमध्ये ती येऊन उभी राहिली तेव्हा घरभर पेट्रोल आणि जळक्या ऑइलचा वास पसरला. आई दारात येऊन बघत राहिली. "हे काय, होडी की स्कूटर?" तिने विचारलं. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा, मधे दोघांपुरती लांब सीट. दोरी ओढून इंजिन सुरू करायचं आणि उजव्या अंगठ्याने एक छोटी पट्टी दाबायची की मशीन पुढे झेपावायची. अंगठा सोडला की हळू. इतकं सोपं होतं की मला पहिल्याच दिवशी वाटलं, यात शिकण्यासारखं काय आहे?

बाबांना मात्र शिकण्यासारखं पुष्कळ दिसलं. त्यांनी नियमांची पुस्तिका आणली आणि रोज रात्रीच्या जेवणाला दोन पानं वाचायला सुरुवात केली. कुळथाचं पिठलं, भात, तळलेली मिरची, आणि बाबांचा आवाज. ट्रेलवर नेहमी उजव्या बाजूने. रस्ता ओलांडताना पूर्ण थांबायचं, दोन्हीकडे बघायचं. हेल्मेट हवंच. वळताना हाताने इशारा. दारू पिऊन चालवायची नाही. ("आपल्याकडे कोण पितं?" आई म्हणायची. "ऐकून तर घे," बाबा म्हणायचे.) गोठलेल्या तळ्यावर मासे धरणाऱ्यांच्या लाकडी खोपट्या असतात, त्यांना शँटी म्हणतात, तिथून शंभर फुटांच्या आत आलं की वेग इतका कमी ठेवायचा की मशीन जेमतेम पुढे सरकेल. आणि कुणाला इजा झाली तर थांबायचं, मदत करायची, नाव सांगायचं. एक पान झालं की ते मला प्रश्न विचारायचे. मी तोंडात घास असतानाच बरोबर उत्तर द्यायचे. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं, असं कुणाला वाटू नये.

माझ्या वयाच्या मुलांना एकट्याने चालवायची तर सुरक्षिततेचा कोर्स करून सर्टिफिकेट घ्यावं लागायचं. तो दोन शनिवार, अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये होता. इतर मुलांचे वडील मुलांना सोडून निघून गेले. माझे वडील मागच्या खुर्चीवर वही उघडून बसले. मोठ्या माणसांना कोर्सची सक्ती नव्हती, पण शिकवणारे गृहस्थ "काही प्रश्न?" म्हणाले की पहिला हात बाबांचा वर. "सर, चढावावर समोरची मशीन दिसत नसेल तर आधी इशारा करायचा की वेग कमी करायचा?" त्यांचे उच्चार कोल्हापुरी होते. पुढच्या रांगेतली दोन मुलं एकमेकांकडे बघून हसली. शिकवणारे गृहस्थ हसले नाहीत. ते म्हणाले, हा फार चांगला प्रश्न आहे. पण मला ते ऐकूच आलं नाही. मी खुर्चीत खाली सरकत गेले. मधल्या सुट्टीत डोनट घेताना एका मुलीने विचारलं, "तो तुझा डॅड आहे का?" मी म्हटलं, "तो मला फक्त सोडायला आलाय." हे माझं पहिलं खोटं. लहान होतं, पण आता मागे वळून पाहते तेव्हा रस्ता तिथूनच सुरू झालेला दिसतो.

इथे थोडं थांबते. माझ्या दोन्ही मुलांना मराठी कळतं, वाचता येत नाही. त्यांच्या दृष्टीने मी एक सरळ, थोडी कडक बाई आहे; त्यांना मी लहानपणी खोटं बोलण्यावरून पुष्कळ ऐकवलंय. हे प्रकरण मी इंग्रजीतही लिहू शकले असते, सवयीने ते सोपंही गेलं असतं. मराठीत लिहायला बसले त्यामागे भाषेचं प्रेम आहे असं मी मैत्रिणींना सांगते. ते अर्धंच खरं आहे.

त्या जानेवारीत ऑफिसातल्या त्याच सहकाऱ्याने आम्हाला उत्तरेकडच्या एका तळ्याकाठचं आपलं केबिन शनिवार-रविवारसाठी दिलं. चार तासांचा रस्ता. ट्रेलरवर पिवळी मशीन, डिकीत प्रेशर कुकर, तांदूळ, मुगाची डाळ, आईचा मसाल्याचा डबा. केबिनमध्ये लाकडं जाळायची शेगडी होती, आणि आईने पहिल्या तासाभरात तिथे फोडणीचा वास केला. सकाळी तळं पाहिलं तर पांढरं मैदानच. दूरवर सात-आठ शँटी, एकीच्या छोट्या धुराड्यातून धूर. बाबांनी काठाजवळ बर्फाला भोक पाडून पट्टीने जाडी मोजली, दोनदा. मधेच तळ्याच्या पोटातून एक लांब, खोल आवाज यायचा, कुणीतरी प्रचंड मोठी तार छेडल्यासारखा. आई घाबरून स्वयंपाकघरातून बाहेर आली. शेजारच्या केबिनमधली मुलगी काठावर उभी होती, ती हसून म्हणाली, "घाबरू नका, बर्फ वाढताना असा आवाज करतो. गप्प बसला तर भ्या."

तिचं नाव डेबी. माझ्याच वयाची, गालांवर लाल चट्टे, तिची स्वतःची काळी मशीन. माझं नाव वृंदा; तिला ते जमेना, ती मला विंडी म्हणू लागली. मला ते इतकं आवडलं की मी दुरुस्तही केलं नाही. तासाभरात मी तिच्यामागे वेडी झाले होते. ती हातमोजे न घालता दोरी ओढायची. तिला कुणी पुस्तिका वाचून दाखवत नव्हतं.

दुपारी खिचडी झाल्यावर बाबांनी मला मशीन एकटीने चालवायला दिली. आमच्याकडे जाड पार्का, म्हणजे टोपीवाला हिवाळी कोट, एकच होता, बाबांचा तपकिरी. तो त्यांनी मला घातला, बाह्या दुमडल्या, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली ओढून पाहिला. "काठाकाठाने जा. शँटींकडे जायचं नाही. अर्ध्या तासात परत."

"आय नो, बाबा."

डेबी वाट बघत होती. आम्ही काठाकाठाने गेलो ते फक्त केबिन दिसेनासं होईपर्यंत. मग ती तळ्याच्या मधे वळली आणि मी तिच्यामागे. ती ओरडली, "विंडी, तुझ्या मशीनमध्ये दम आहे की नाही?" मी अंगठा पूर्ण दाबला. इंजिनाचा आवाज हेल्मेटमध्ये असा भरला की डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही. डेबी शँटींना बाहेरून मोठा वळसा घालून गेली. तिला तळं माहीत होतं. मला तिला गाठायचं होतं म्हणून मी सरळ मधून गेले. एका हिरव्या शँटीचं दार उघडलं आणि हातात बादली घेतलेला एक म्हातारा बाहेर आला. तो माझ्यापासून किती लांब होता? पंधरा फूट, वीस फूट. मी हँडल वळवलं. त्याने स्वतःला मागे झोकून दिलं. बादली उडाली, आणि मी बाजूने निघून गेले. मान वळवली तेव्हा तो बर्फावर एका कुशीवर पडलेला होता आणि एक हात पोटाशी धरून उठायचा प्रयत्न करत होता. त्याच्या आजूबाजूला चार-पाच मासे तडफडत होते.

मी थांबले नाही. अंगठा सुटला होता, मशीन हळू झाली होती. थांबणं अगदी सोपं होतं. मी पुन्हा अंगठा दाबला. डेबीने काही पाहिलं की नाही मला कळलं नाही, ती पुढे निघून गेली होती. ती तशीच आपल्या केबिनकडे गेली आणि मी आमच्या.

आईने मला दूध गरम करून दिलं. "एवढी पांढरी का पडलीस?" तिने विचारलं. मी म्हटलं, थंडी. पार्का मी खुंटीला लावला होता. बाबा तो चढवून, हेल्मेट उचलून मशीनवर कापड घालायला बाहेर गेले. आणि त्याच वेळी आवारात जंगलखात्याच्या ऑफिसरची गाडी येऊन उभी राहिली. तो तळ्यावर मासेमारीचे परवाने तपासायला आलेला होता. म्हाताऱ्याने त्याला पिवळी मशीन आणि तपकिरी पार्का एवढंच सांगितलं होतं. तोंड हेल्मेटमध्ये, ते त्याला दिसलं नव्हतं.

मी दारात गेले. ऑफिसर बाबांना विचारत होता, "सर, थोड्या वेळापूर्वी ही मशीन घेऊन तळ्यावर तुम्ही होतात का? एक माणूस पडलाय. मनगट मोडलं असावं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी आजही कुणाला वर्णन करून सांगू शकत नाही. त्यात राग नव्हता. ते विचारत होते, एवढंच.

घरात इंग्रजीची अडचण आली की मी बोलायचे. फोनवर, दुकानात, शाळेत. बाबांचं इंग्रजी उत्तम होतं, पण लोक त्यांना दोनदा विचारत आणि मला एकदाच. त्या सवयीने मी पुढे झाले आणि अगदी स्वच्छ, गोड अमेरिकन उच्चारात म्हणाले, "माय डॅड वॉज आउट देअर. मी आत होते, आईबरोबर."

माझ्यामागे स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला. आईला एवढं इंग्रजी कळत होतं.

बाबा म्हणाले, "हो. मीच होतो."

मग ऑफिसरने त्यांना सुनावलं. तो तरुण होता, दुष्ट नव्हता. हळू आणि मोठ्याने, शब्द सुटे करत बोलत होता, ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी बोलावं तसं. "सर, या राज्यात नियम आहेत. शँटीपासून शंभर फुटांच्या आत एकदम हळू जायचं. माणूस पडला तर थांबायचं. तुमच्याकडे कदाचित वेगळं असेल. पण इथे मशीन घ्यायच्या आधी पुस्तिका वाचायची असते." त्याने गाडीतून पुस्तिका आणून बाबांच्या हातात दिली आणि बोट ठेवून ते वाक्य वाचून दाखवलं. ज्या माणसाने ते वाक्य आमच्या जेवणाच्या टेबलावर पाठ करून घेतलं होतं, तो हेल्मेट काखेत धरून उभा होता आणि "येस ऑफिसर, सॉरी ऑफिसर," म्हणत होता. नाव सांगितलं, कागदावर सही केली. मी चौकटीला टेकून उभी होते, हातात दुधाचा कप. एक वाक्य बोलायचं होतं. खरं सांगितलं असतं तर माझं काय गेलं असतं? सर्टिफिकेट, थोडा ओरडा, डेबीची मैत्री. बाबांचं काय जाऊ शकत होतं हे मला पुढच्या काही महिन्यांत कळलं, कारण आमचे ग्रीन कार्डाचे कागद तेव्हा सरकारदरबारी पडून होते, आणि पोस्टमन आला की आई पदराने हात पुसत दारापर्यंत जायची आणि पाकीट उघडायच्या आधी देवाला हात जोडायची.

त्याच संध्याकाळी आम्ही परत निघालो.  घरी आल्यावर दोन दिवस आई माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने मला समोर बसवून केसांना तेल लावलं आणि वेणी इतकी घट्ट घातली की डोळ्यांत पाणी आलं. "दुखतंय का?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. "बरं," ती म्हणाली, आणि फणी धुवायला गेली. बाबांनी मला एक शब्दही विचारला नाही. ठरलेल्या दिवशी ते त्या गावच्या कोर्टात एकटे जाऊन आले. ग्रीन कार्डाला पुढे काही झालं नाही. झालं असतं तरी मी बोलले असते का, याची मला खात्री नाही, आणि लिहिताना सगळ्यात जास्त लाज मला याची वाटते.

पुढच्या महिन्यात बाबा त्या म्हाताऱ्याला भेटायला निघाले आणि मला म्हणाले, "चल." आईने बेसनाचे लाडू करून दिले. त्याचं नाव वॉल्टर. तळ्याच्या काठी छोटं घर, बायको वारलेली, हात प्लास्टरमध्ये. बाबा म्हणाले, "मी ती मशीन चालवत होतो. मला माफ करा." वॉल्टरने आम्हाला बसायला सांगितलं, एक लाडू खाल्ला, दुसरा घेतला. मग बाबांकडे पायांपासून डोक्यापर्यंत बघून म्हणाला, "तुम्ही सहा फूट असाल ना? मला तो चालवणारा बराच लहानखुरा वाटला होता."

मी लाडवांच्या डब्याच्या झाकणाकडे बघत होते.

"बर्फावर अंदाज चुकतो," बाबा म्हणाले.

"चुकतो खरा," वॉल्टर म्हणाला. त्यानंतर त्याने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ.  त्याने मला बोलायला जागा करून दिली होती, हे तेव्हाही मला कळत होतं. मी विचारलं, "बाथरूम कुठे आहे?"

निघताना त्याने फ्रीजरमधले पर्च मासे वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. आईने त्यांचं कोकम घालून सारं केलं, तिरफळं टाकून, थेट वेंगुर्ल्यासारखं. अमेरिकेत आल्यापासून चांगला मासा नाही म्हणून ती हळहळायची. त्या दिवशी तिने नुसतं वाढलं. बाबांनी काटे काढत, हळूहळू, सगळं संपवलं. मी पोट दुखतंय म्हणून उठले.

त्यानंतर तो हिवाळा संपेपर्यंत बाबा एक आड एक शनिवारी चार तास गाडी चालवत वॉल्टरकडे जायचे. त्याला एका हाताने बर्फाला भोकं पाडता येत नव्हती, ती पाडून द्यायचे. बर्फ मऊ व्हायच्या आत शँटी तळ्यावरून काढून न्यायचा नियम असतो; ती दोघांनी मिळून ओढत काठावर आणली. बाबा दरवेळी निघताना माझ्या खोलीच्या दारात थांबायचे. "येतेस?" मी म्हणायचे, बँडची प्रॅक्टिस आहे. टेस्ट आहे. त्यांनी कधी आग्रह केला नाही. मशीन त्यांनी विकून टाकली. आणि त्यांनी मला नियम सांगणं बंद केलं. एकदम नाही, पुढच्या दोनेक महिन्यांत माझ्या हळूहळू लक्षात आलं. सोळाव्या वर्षी मी मोटारीचं लायसन्स काढायला निघाले, तेव्हा त्यांनी ड्रायव्हिंगचं पुस्तक टेबलावर ठेवलं, म्हणाले, "वाच," आणि बाहेर गवत कापायला गेले. मी एकटीच वाचत बसले. तोवर मला वाटत होतं की त्या वाचनाचा मला कंटाळा आहे.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. चौऱ्याऐंशी वर्षांचे, कान थोडे मंद, डोकं शाबूत. एका सकाळी खिडकीबाहेर बर्फ पडत होता. मी त्यांना पोहे दिले आणि समोर बसले. चाळीसहून अधिक वर्षं जे जमलं नाही ते त्या दिवशी का जमलं, मला माहीत नाही. मी म्हटलं, "बाबा, त्या तळ्यावर मी खोटं बोलले. तुम्हालाही खोटं बोलायला लावलं. मी कधी माफीसुद्धा मागितली नाही."

त्यांनी चमचा खाली ठेवला. मला वाटलं ते म्हणतील, जाऊ दे, तू लहान होतीस. मी त्या वाक्याची वाट बघत होते.

"लायसन्स खिशात होतं माझ्या," ते म्हणाले. "काढून दिलं असतं तर त्या ऑफिसरने बघून पटकन नाव लिहून घेतलं असतं. मी काढलं नाही. म्हटलं, स्पेलिंग सांगतो."

"का?"

"गडहिंग्लजकर. इंग्रजीत तेरा अक्षरं होतात. एकेक अक्षर थांबून थांबून सांगितलं मी त्याला. म्हटलं, तोवर तू बोलशील."

 मी विचारलं, "मग?"

"मग काय," बाबा म्हणाले. "अक्षरं संपली."